पुढं कोण निघणार?

ब्युनोस आयरेस, १२ सप्टेंबर १९९४

ती. एर्मिंदाताईस,

शि. सा. न. वि. वि. आणि सोबत थोडी शाबासकीची मागणी.

ताई, झालं एकदाचं! तीन वर्षं शर्यतींच्या समितीत बोंबलत होतो, ते परवा मंजूर झालं. राष्ट्रीय शर्यतीची पात्रता फेरी आता माझ्या पद्धतीनं होणार. एकेका गाडीला एकटं ट्रॅकवर सोडायचं, बाकीच्यांनी नखं कुरतडायची आणि प्रेक्षकांनी स्टँडमध्ये घोरायचं, हे बंद. सेहेचाळीस गाड्या, चार गट. प्रत्येक गटाला दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत कुणीही केव्हाही निघा, हव्या तितक्या चकरा मारा, सगळ्यांत चांगली वेळ धरली जाईल. प्रत्येक गटातले पहिले दहा रविवारच्या शर्यतीत, उरलेले घरी. अडीच तासांचं रटाळ काम चाळीस मिनिटांत खलास. टेलिव्हिजनवाले तर माझ्या गळ्यातच पडले.

आणि खरी बातमी पुढंच आहे. पहिला प्रयोग आपल्या गावी, सान इरेनेओच्या सर्किटवर, ८ ऑक्टोबरला. म्हणजे माझा नियम आणि तुझं स्टॉपवॉच! एकतीस वर्षं तू तिथल्या वेळ मोजायच्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या वेळा मोजल्यास, आता भावाची कर्तबगारी मोज.

मी मात्र येणार नाही. कारण तुला ठाऊक आहे, ते उगाळत नाही. ती बरी आहे ना? वेळेवर जेवते का? तू तिला सांगू नकोस मी विचारलं म्हणून.

गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहे तेवढा तरी राहू दे, नियम आवडला नाही तरी.

तुझा,
एवारिस्तो


सान इरेनेओ, १६ सप्टेंबर १९९४

चि. एवारिस्तोस,

अ. उ. आ. तुझ्या पत्रात शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत. लाल शाईनं दाखवून पत्र परत पाठवते आहे. मी शाळेतून निवृत्त झाले म्हणून तू सुटलास असं समजू नकोस.

आता नियमाबद्दल. वाचला. दोनदा वाचला. फाउस्तिनोलाही वाचून दाखवला. तुला आठवत असेल, तो आपला मेकॅनिक, मिशा आता पार पांढऱ्या झाल्यात. तो नुसता हसला आणि इंजिनखाली शिरला. अरे, तुला एवढं कसं कळलं नाही? कोठारांजवळची आपली सरळ पट्टी दीड किलोमीटरची. तिथं पुढच्या गाडीच्या मागं चिकटलं की वारा पुढचा खातो आणि मागचा फुकटात पळतो. आपण त्याला शेपूट धरणं म्हणतो. शेपूट धरलं की पाऊण सेकंद वाचतो. तर मला सांग, दहा मिनिटं मोकळी दिल्यावर पुढं कोण निघणार? जो तो दुसऱ्याच्या मागं जायला बघणार. पुढं जाऊन दुसऱ्याला शेपूट द्यायला कुणाला हौस आलीय?

त्यापेक्षा माझं ऐक. क्लबातला तो तारेचा पिंजरा, त्यात नंबरांचे लाकडी चेंडू. पिंजरा फिरवायचा, चेंडू निघेल त्या क्रमानं एकेकानं जायचं. समोर कुणी नाही, मागं कुणी नाही, तू आणि घड्याळ. पहिल्याला धूळ मिळते आणि शेवटच्याला साफ रस्ता, हे मला मान्य. पण नशिबाला तोंडावर शिव्या देता येतात रे. शेजाऱ्याला दिल्या तर भांडण होतं.

आणि ‘ती’ म्हणजे कोण? तुझ्या मुलीला नाव आहे. माइते. तूच ठेवलंस. जेवते, पण उभ्यानं. दोन वर्षं माझ्याकडे राहते आहे आणि दोन वर्षं मी तुमच्यामधली टपालपेटी झाले आहे, याचा मला आता कंटाळा आलाय. मागच्या दोन्ही शर्यतींत ती पात्रता फेरीतच बाद झाली, हे तू वर्तमानपत्रात वाचलं असशीलच. एकदा सेकंदाच्या दोन दशांशांनी, एकदा त्याहूनही कमी. ओळीनं तीनदा बाद झालं की खालच्या वर्गात पाठवतात, हा नियमसुद्धा तुमच्याच समितीचा. तिसरी खेप आपल्या गावची आहे. पोरगी रात्री दात खाते. मला भिंतीतून ऐकू येतं.

गुडघ्याला तेल लावते. तू डोक्याला लाव. माया होती तशीच आहे, तेवढं समज.

तुझी थोरली,
एर्मिंदा


ब्युनोस आयरेस, २१ सप्टेंबर १९९४

ती. ताईस,

सा. न. वि. वि. घाईत आहे म्हणून चार ओळी. चुका कमी असतील.

पुढं कोण निघणार म्हणून विचारतेस? अगं, ती घोड्याएवढी वाढलेली माणसं आहेत, लग्नं झालेली, पोरंबाळं असलेली. घड्याळ पळायला लागलं की आपोआप निघतील. तू चौथीच्या वर्गाला शिकवलंस म्हणून तुला सगळं जग चौथीत असल्यासारखं वाटतं.

दात खाणाऱ्याला रात्री झोपताना बडीशेपेचा काढा देतात, असं आई करायची. मी सांगितलं म्हणून नाही, आईनं सांगितलं म्हणून दे.

असाच राग आणि असाच लोभ चालू दे.

एवारिस्तो


सान इरेनेओ, ९ ऑक्टोबर १९९४, रविवार

चि. एवारिस्तोस,

अ. उ. आ. बाहेर धो धो चाललंय, क्लबातला फोन मेलाय, सर्किटवर गुडघाभर पाणी. आजची शर्यत पुढं ढकलली, आता २३ तारखेला. तेव्हा तुला सविस्तर लिहायला माझ्याकडे वेळच वेळ आहे. बसून वाच.

काल पहिले दोन गट कसेबसे पार पडले. थोडी ढकलाढकली, थोडी शिवीगाळ, पण पार पडले. तिसऱ्या गटात बारा गाड्या. त्यात तुमचा विजेता रोसेंदो बालमासेदा आणि त्यातच आपली माइते. बारांतले दहा शर्यतीत, दोन घरी. हिरवा दिवा लागला आणि मी घड्याळ दाबलं.

कुणी हललं नाही.

बाराच्या बारा गाड्या पिटमधून ट्रॅकवर निघायच्या तोंडाशी ओळीनं उभ्या. पंगतीत पान वाढलंय आणि पहिला घास कोण घेणार म्हणून सगळे एकमेकांकडे बघताहेत, तसं. एक मिनिट गेलं. दोन गेली. इंजिनं तापायला लागली म्हणून त्यांनी ती बंद केली! बालमासेदानं आरशात बघून मिशा विंचरल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्याच्या मागच्यानं खिडकीतून खिम्याची करंजी, एम्पानादा मागवला आणि सावकाश खाल्ला, वर बोटं चाटली. लोक आधी शिट्ट्या मारत होते, मग तालात टाळ्या, मग तुझ्या नावानं काहीतरी गाणं म्हणायला लागले. ते मी लिहीत नाही, मी शिक्षिका होते.

साडेचार मिनिटं उरली असताना एक गाडी निघाली. आपली. माइते एकटी, समोर कुणी नाही, सरळ बाहेर! ते बघताच बाकीचे अकरा धडपडत निघाले, पण सगळ्यांना शेपूट हवं, पुढं कुणालाच नको. बाहेर पडल्यावरची पहिली चक्कर तापवण्याची असते. ती त्यांनी वरातीसारखी घेतली. शेवटच्या वळणावर तर थांबायचेच बाकी होते, हा त्याला हात करतोय, तो ह्याला. माइते मात्र एव्हाना खरी चक्कर मारून मोकळी झाली होती. ही वरात माझ्या रेषेपाशी पोचली तेव्हा झेंडा पडून नऊ सेकंद झाली होती, आणि झेंड्यानंतर सुरू केलेली चक्कर धरत नाहीत.

एकतीस वर्षांत असा कागद मी भरला नव्हता. एक नाव, एक वेळ, एक मिनिट चोपन्न पूर्णांक एकतीस. खाली अकरा रेघा. तुझ्या नियमाप्रमाणं त्या गटातून एकटी माइते शर्यतीत, आणि देशाचा विजेता घरी!

बालमासेदाच्या लोकांनी माझ्या खोलीवर संत्र्याच्या साली फेकल्या आणि एक बूट. डाव्या पायाचा आहे, नवा कोरा. जोडीचा दाखवून घेऊन जावा, असं मी फाटकावर लिहून लावलंय.

तू बरोबर होतास की मी, हे मी विचारत नाही. मी मोठ्या मनाची आहे.

आशीर्वाद नेहमीचेच, थोडे ओले.

एर्मिंदा


ब्युनोस आयरेस, ११ ऑक्टोबर १९९४

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र सकाळच्या बसनं आलं. त्याआधी मला एकूण एकोणचाळीस लोकांनी फोनवर शिव्या घातल्या होत्या, त्यामुळे तुझं पत्र मवाळच वाटलं.

समितीत नुसता गोंधळ आहे. बालमासेदा आणि बाकी दहाजणांनी तक्रार केली आहे की ही फेरी रद्द करा. निर्णय आम्ही तिघांनी द्यायचा. इंजिनियर साबाते म्हणतात नियम म्हणजे नियम, निकाल तसाच ठेवा. वकील ओनेत्तो म्हणतात रद्द करा, नाहीतर लोक आपल्याला जाळतील. म्हणजे एक इकडे, एक तिकडे, आणि तिसरं मत माझं. शुक्रवारी द्यायचं आहे. मी बाजूला व्हायला तयार होतो. दोघांनी मिळून सांगितलं की ज्यानं घाण केली त्यानंच ती निस्तरावी.

ताई, तुला म्हणून सांगतो. मला निकाल ठेवायचा आहे. रद्द झाला तर तिला पुन्हा पळावं लागेल, आणि पुन्हा दोन दशांशांनी राहिली तर ती खालच्या वर्गात गेली. आणि ते सोड. अकरा बाप्ये एकमेकांची तोंडं बघत बसले आणि एक पोरगी एकटी निघाली! पेपरात तिचा फोटो आलाय, वर मथळा, ‘धाडस’. मी बासष्ट वर्षांचा माणूस, ते कात्रण पाकिटात घालून हिंडतोय. काल बेकरीत पैसे काढताना ते खाली पडलं, बेकरीवाल्यानं विचारलं कोण, तर मी मुलगी म्हणालो. दोन वर्षांत तो शब्द मी मोठ्यानं म्हटला नव्हता.

तिला त्या क्षणी काय वाटलं असेल गं? कशानं निघाली? तिला न कळू देता विचारून कळव. शुक्रवारच्या आत.

या वेळी आशीर्वाद थोडे जास्त पाठव.

एवारिस्तो


सान इरेनेओ, १२ ऑक्टोबर १९९४

चि. एवारिस्तोस,

अ. उ. आ. हे पत्र संध्याकाळच्या बसच्या ड्रायव्हरच्या हातात मी स्वतः देते आहे, म्हणजे उद्या तुला मिळेल.

न कळू देता विचारणं मला जमत नाही, म्हणून सरळ विचारलं. ती आधी लाल झाली, मग पांढरी, मग खुर्चीत बसून पोट धरून हसायला लागली, आणि मग रडली. म्हणाली की हे बाबांना मतदानाच्या आधी कळलंच पाहिजे, नाहीतर ते मत चोरल्यासारखं होईल. म्हणून तिच्या सांगण्यावरून लिहिते.

ती धाडसानं निघाली नाही. ती चुकून निघाली.

झालं असं. सगळे वाट बघत बसलेत म्हटल्यावर फाउस्तिनोनं थर्मास काढला आणि मॅतेचा कडू चहा करायला घेतला. त्याला कुठंही मॅते लागतो, दफनाला गेला तरी तो थर्मास घेऊन जातो. एक त्यानं घेतला, एक खिडकीतून माइतेला दिला. तिनं नळीनं ओढला, भोपळ्याचा पेला रिकामा करून परत दिला, आणि देताना आभाराचं ‘ग्रासियास’ म्हणाली.

आता तुला काय सांगायचं! भोपळा परत देताना ‘ग्रासियास’ म्हणायचं नसतं हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हटलं की अर्थ एकच, बास झालं, आता नको. पण या पोरीला लहानपणी सुट्टीत इथं यायची तेव्हा मीच छडी घेऊन शिकवलं होतं की काहीही मिळालं तरी आभार मानायचे. पाणी दिलं तरी, शिक्षा दिली तरी. ताणात होती, तोंडातून निघून गेलं. आणि फाउस्तिनोला वाटलं, पोरगी वाट बघण्याला कंटाळली, म्हणतेय बास झालं. त्यानं चाकाखालचा ठोकळा ओढला आणि टपावर दोन थापा मारल्या. दोन थापा म्हणजे नीघ. तिला वाटलं म्हाताऱ्यानं काहीतरी हेरलंय. पाय आपोआप दाबला गेला.

पहिल्या वळणापाशी फाउस्तिनो रेडिओवर तिला विचारत होता की कुठं चाललीस, आणि ती त्याला विचारत होती की तूच ना पाठवलंस. मागं फिरायची सोय नाही. मग म्हणे, आता निघालेच आहे तर पळवते.

हे झालं तिचं. आता माझं एक वाक्य. निघाली चुकून, पण चक्कर तिनं चुकून मारली नाही. कोठारांपाशी पुढं कुणी नव्हतं, वारा सगळा तिच्या अंगावर होता.

मत तुझं आहे. मी बहीण आहे, वकील नाही.

माया आहेच, तिची मोजदाद नको.

एर्मिंदा


ब्युनोस आयरेस, १४ ऑक्टोबर १९९४

ती. ताईस,

सा. न. वि. वि. काल तुझं पत्र वाचून इतका हसलो की शेजारच्या बाई दार वाजवून विचारून गेल्या. मग रात्रभर जागा राहिलो.

आज मत दिलं. रद्द.

चुकून निघाली म्हणून नाही. तिनं सांगितलं, ते सांगायची तिला गरज नव्हती, तिथंच माझ्या हिशेबी ती पहिली आली. पण नियम मोडकाच आहे. दहा मिनिटांत ज्याला चुकून कुणी ढकललं तोच एकटा शहाणा ठरतो, असल्या नियमावर मी पोरीला कशी नेऊन बसवू? उद्या लोक म्हणाले असते, बापाच्या कागदानं आली. ते तिच्या कपाळी नको.

साबाते चिडले, ओनेत्तोंनी मिठी मारली, दोन्हींचा त्रास झाला. निर्णय असा. २२ तारखेला सगळ्या सेहेचाळीस गाड्या पुन्हा, एकेक, सोडतीच्या क्रमानं. प्रत्येकाला एक चक्कर. वेगवान चाळीस आत. म्हणजे तुझी पद्धत, तुझा पिंजरा, तुझे चेंडू. तू बरोबर होतीस. हे पत्र फ्रेम करून लावू नकोस.

आता एक काम कर. तिला तू सांग. माझ्यानं होत नाही. दोन वर्षं बोललो नाही आणि आता पहिलं वाक्य काय, तर तुझी जागा मी काढून घेतली? तुझ्या तोंडून बरं वाटेल.

लोभाची आज खरंच गरज आहे.

एवारिस्तो


सान इरेनेओ, १५ ऑक्टोबर १९९४

चि. एवारिस्तोस,

अ. आ. मी टपालपेटी नाही. पत्ता तोच आहे, फक्त पाकिटावर नाव बदल.

एर्मिंदा

ता. क. पत्रात एकही चूक नव्हती. रात्रभर जागलास हे खरं दिसतंय.


ब्युनोस आयरेस, १७ ऑक्टोबर १९९४

चि. माइतेस,

अनेक आशीर्वाद. हे तिसरं पत्र. आधीची दोन फाडली.

तुझी फेरी रद्द झाली हे तुला कळलंच असेल. ते तिसरं मत माझं होतं. तू दुसऱ्या कुणाकडून ऐकण्याआधी मी लिहायला हवं होतं, तर त्यातही उशीर झाला. आत्याला सांगायला सांगितलं होतं, तिनं मला झापलं.

मला तुझी माफी मागायची नाही, कारण मत बरोबर होतं असं मला अजून वाटतं. पण ते देताना सही वाकडी आली. एवढंच तुला कळावं.

मॅतेची हकिकत समितीत सांगितलेली नाही. ती तुझी आहे, तू हवं तर सांग.

जेवताना बसत जा.

तुझा बाबा


सान इरेनेओ, १९ ऑक्टोबर १९९४

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र आलं. मी उभ्यानंच वाचलं, सवय आहे.

मला राग आला होता. मंगळवारी दिवसभर आला. फाउस्तिनो गाडीखालून बाहेरच आला नाही. मग संध्याकाळी विचार केला की तो ‘धाडस’ मथळा बघून मला रोज लाज वाटत होती. दुकानात लोक पाठ थोपटायचे आणि मी मान खाली घालायची. आता ते ओझं गेलं. मत बरोबर होतं. पण तुम्ही वकील असल्यासारखं का लिहिता?

आज क्लबात सोडत झाली. आत्यानं पिंजरा फिरवला, सगळं गाव जमलेलं. माझा चेंडू पहिला निघाला. म्हणजे शनिवारी सकाळी दहाला मी सगळ्यांच्या आधी, पुराचा गाळ अजून ट्रॅकवर असताना. आत्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. ज्या पिंजऱ्याची एवढी बाजू घेतली, त्यानंच भाचीला खड्ड्यात घातलं.

बाबा, माझी चक्कर दोन मिनिटांत होईल, पण नंतर पंचेचाळीसजण होईस्तोवर मला अडीच तास बसून राहायचंय. आत्या तिच्या खोलीत असते, फाउस्तिनो बोलत नाही. एकटीनं बसवणार नाही मला.

तुम्ही या. घरी जायचं झालं तरी कुणीतरी बरोबर हवं.

तुमची,
माइते


सान इरेनेओ, २४ ऑक्टोबर १९९४

चि. एवारिस्तोस,

अ. उ. आ. काल शर्यत संपल्याबरोबर बस पकडायला पळालास, धड निरोपही घेतला नाहीस. डबा विसरलास, स्वेटर विसरलास. पाठवते आहे.

हे पत्र वेगळ्याच कामासाठी. शनिवारी तिच्या चकरेच्या वेळी तू माझ्या खिडकीखाली डोळे घट्ट मिटून उभा होतास. मला वरून सगळं दिसतं. तेव्हा तू जे पाहिलं नाहीस ते लिहून देते, म्हणजे तुझ्याजवळ राहील.

पहिल्या वळणाला गाळ होता. मागचं चाक घसरलं, पण तिनं हात हलवला नाही, गाडी आपणहून सरळ होऊ दिली. कोठारांजवळच्या पट्टीवर एकटी, लाल ठिपका आणि मागं धुळीची लांब रेघ. शेवटच्या वळणाला सगळे आधी ब्रेक दाबतात, ती उशिरा दाबते. मी तिला शंभरदा रागावले आहे, आता रागावणार नाही. एक मिनिट त्रेपन्न पूर्णांक सत्त्याऐंशी. आधीच्यापेक्षा चांगली, आणि गाळातून!

मग तुम्ही दोघं टायरांच्या ढिगावर जाऊन बसलात. पुढचं तुलाही ठाऊक आहे, पण मला लिहायचंच आहे. फलकावर ती पहिली होती दोन मिनिटं. मग दुसरी. ट्रॅक साफ होत गेला तशी ती खाली खाली. अकरा वाजता तेरावी, बारा वाजता तिसावी. बालमासेदा आला आणि तिला आणखी एक पायरी खाली ढकलून गेला. शेवटची एक गाडी उरली तेव्हा ती बरोबर चाळिसावी. आणि शेवटचा कोण, तर तो दंतवैद्य लासागा, जो दर शर्यतीत बाद होतो आणि हसत घरी जातो. मी मनात म्हटलं, सुटलो एकदाचे.

कसलं काय! साफ रस्ता मिळाला आणि गडी पेटला. कोठारांपाशी तो तिच्यापेक्षा दोन दशांशांनी पुढं होता. माझ्या हातातलं घड्याळ घामानं निसटत होतं. शेवटच्या वळणाला त्याला मोह झाला, जरा बाहेर गेला, धुळीत चाक. एक त्रेपन्न एक्क्याण्णव. चार शतांशांनी माइते आत.

तेव्हाही तुझे डोळे मिटलेलेच होते. लोक ओरडले तरी तू ते उघडले नाहीस, समोर जो आला त्याला मिठी मारून रडायला लागलास. तो लासागा होता रे. बिचारा नुकताच उतरून अभिनंदन करायला आला होता. तो मला म्हणाला की त्याला आजवर बाद झाल्यावर इतकं प्रेम कुणी दिलं नव्हतं.

काल ती चाळिसावी सुटून एकतिसावी आली, एक गाडी बंद पडली, आठ तिनं मागं टाकल्या. मी मोजल्या.

आता माझा प्रश्न. अडीच तास तुम्ही काय बोललात? मला खोलीतून नुसते हात दिसत होते. सुरुवातीला कुणाचेच हलत नव्हते, मग दोघांचेही फार हलायला लागले, मग पुन्हा थांबले. तिला विचारलं तर ती हसते आणि बसून जेवते. तेव्हा तू सांग.

उत्तर येईपर्यंत आशीर्वाद राखून ठेवते.

एर्मिंदा


ब्युनोस आयरेस, २७ ऑक्टोबर १९९४

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. डबा आणि स्वेटर पोचले. चकरेचं वर्णन मी चारदा वाचलं. लासागांना फुलं पाठवली आहेत.

विचारतेस म्हणून सांगतो. पहिला अर्धा तास आम्ही नुसता फलक बघत बसलो. मग मी उगाच म्हटलं की तुझ्या आत्याची पद्धत काही अगदीच वाईट नाही. झालं, ती पेटली. म्हणाली, आत्याही चूक आणि तुम्हीही चूक. प्रत्येकाला दोन चकरा हव्यात, दुसऱ्या वेळी क्रम उलटा, म्हणजे पहिल्या वेळी धूळ खाल्ली त्याला दुसऱ्या वेळी साफ रस्ता. आम्ही तासभर भांडलो. तुला हात दिसले ते तेव्हाचे. सोमवारी समितीत तिची पद्धत मांडतो आहे, तिच्या नावानं. तू विरोधात पत्र पाठवशील हे धरून चाललो आहे.

मग तिनं विचारलं की तुम्ही कधी आला का नाहीत. मी तिनं शर्यतींपायी औषधशास्त्राची पदवी अर्धी सोडल्याचं काढलं, दोन वर्षं तेच सांगत आलोय. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं की मला भीती वाटते. पदवीचं काही नाही गं ताई. मला भीती वाटते. तिच्या प्रत्येक शर्यतीच्या रविवारी मी रेडिओ बंद करून न्हाणीघरात बसतो आणि नळ सोडून ठेवतो. हे मी तिला सांगितलं. तुलाही कधी सांगितलं नव्हतं.

हात थांबलेले तुला दिसले ते तेव्हा. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली की डोळे मिटून उभे राहिलात तरी चालेल बाबा, पण तिथं येऊन मिटा.

६ तारखेला ओलावारियाला शर्यत आहे. मी बसचं तिकीट काढलं आहे.

तिथून परत आल्यावर लिहीन, तोवर तुझी माया माझ्या खात्यावर असू दे.

तुझा,
एवारिस्तो